हिल्मी उस्तांचा दिवाण

३ मार्च

ही वही डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब लिहायला सांगितली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पण एवढी जाड वही आणि दिवसाला दोनच आकडे, हा कागदाचा अपमान आहे. म्हणून आकड्यामागचं कारणही लिहायचं ठरवलं.

सकाळी १५०/९५. कारण: फेराये.

न्याहारीला ऑलिव्ह तोंडात टाकता टाकता आमची एकुलती एक मुलगी म्हणाली की तिला लग्न करायचंय. एकतीस वर्षांची आहे, शाळेत पदार्थविज्ञान शिकवते, तेव्हा बातमी वाईट नव्हती. मुलाचं नाव ओनात. कुठे असतो? आपल्या किनाऱ्यावरच्या उन्हाळी महालात. काय करतो? जुन्या फर्निचरची दुरुस्ती.

मी चहाचा पेला खाली ठेवला. महाल आणि फर्निचर हे दोन शब्द आपण कुणाच्या घरात बोलतोय, हे तिला कळायला हवं होतं.

माझे वडील हिल्मी उस्ता. कसबी कारागिरालाच आमच्याकडे उस्ता म्हणतात. १९५९ साली कुणी परदेशी राजा येणार होता. तेव्हा महालाच्या निळ्या दालनातला मोठा दिवाण नव्याने भरून, कापड चढवून द्यायला सामुद्रधुनीकाठच्या आमच्या अख्ख्या उस्कुदारमधून त्यांना निवडलं. तीन महिने काम चाललं. मी दहा वर्षांचा होतो. तेव्हापासून उस्कुदारमध्ये मला ‘महालवाल्या हिल्मीचा मुलगा’ म्हणतात. म्हणणारे बरेचसे आता गेले, त्यामुळे हल्ली मलाच सांगावं लागतं.

तो दिवाण मी पाहिलेला नाही. बाबा म्हणायचे, आपलंच काम काय बघायला जायचं. पुढे खुर्च्या-दिवाण भरायचं दुकान माझ्यावर आलं आणि राहून गेलं. बोटीतून मात्र महालाच्या खिडक्या हजारदा पाहिल्यात.

९ मार्च

ओनात चहाला येऊन गेला. हडकुळा आहे, पण नखं स्वच्छ. बोटांच्या टोकांना सुया टोचल्याच्या खुणा. हे मुअल्लाच्या लक्षात आलं, माझ्या नाही. मुअल्ला म्हणजे माझी बायको. दुकानात शिवण ती बघते, बाकी सगळं मी.

मी दिवाणाची गोष्ट सांगितली. ही गोष्ट मी चांगली सांगतो. राजा त्या दिवाणावर बसल्याबरोबर ‘हाश्श’ म्हणाला, तिथवर आलो की लोक हसतात. ओनात हसला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि चहा बशीत सांडला. मग त्याने विचारलं, “काका, तुमचे वडील डावखुरे होते का?”

आता हा काय प्रश्न झाला? मी म्हटलं, “आमच्या घरात डाव्या हाताने फक्त बूट काढतात.”

त्याने मान खाली घातली. मग विचारतो, त्यांच्याबरोबर आणखी कोण काम करायचं? मी सांगितलं, कुणीच नाही. मोठा कारागीर एकटाच असतो. आई हाताखाली असायची, सुतळी दे, सुई ओवून दे, एवढंच. मुअल्ला लगेच उठून चहा आणायला गेली, सगळ्यांचे पेले भरलेले असताना.

निरोप देताना मी सांगितलं, पुढच्या रविवारी आम्हा तिघांना महालात ने आणि दिवाण दाखव. तो म्हणाला, “निळं दालन सध्या बंद आहे, काका.”



१० मार्च

त्या दिवसांची आठवण काढत बसलो.

बाबांना ठोकाठोकीचा आवाज दिवसभर सहन व्हायचा नाही. सकाळी तासभर खिळे मारायचे आणि मग धक्क्यावरच्या कॉफीखान्यात जायचे. आराखडा तिथेच सुचतो म्हणायचे. महालाच्या कामात तर डोकं फारच लागलं असणार. महालाचा माणूस दुकानात शोधायला आला की शेजारी सांगायचे, ते तर महालात गेलेत. गिऱ्हाईक महालाच्या फाटकाशी गेलं तर तिथे सांगायचे, दुकानात असतील. आणि बाबा कॉफीखान्यात, विचारात गढलेले. समोर सोंगट्यांचा डाव.

आई त्या तीन महिन्यांत रोज सकाळी बाबांबरोबर महालात जायची आणि दिवे लागताना परतायची. बाबांना गरम जेवण लागायचं ना, म्हणून. मला मावशी जेवू घालायची. एवढी पतिसेवा आता कुठे बघायला मिळते?

१५ मार्च

इहसानच्या खुर्चीत दाढीला बसलो होतो. इहसान न्हावी माझा चाळीस वर्षांचा मित्र. त्याची मेहुणी गेल्याच आठवड्यात महाल बघून आली. मी सहज विचारलं, निळं दालन बंद होतं का? इहसान म्हणाला, छे, तिथे तर तिने फोटो काढू नका म्हणून बोलणीसुद्धा खाल्ली.

म्हणजे मुलगा खोटं बोलतो.

का बोलतो, याचा मी घरी येईपर्यंत विचार केला. तो दुरुस्ती-बिरुस्ती काही करत नसणार. तिकिटं फाडत असेल. तिकिटं फाडण्यात कमीपणा नाही, पण मग तसं सांगावं. फेरायेला म्हटलं, त्या दिवाणासमोर तो मला उभा करत नाही तोवर लग्नाचं नाव काढायचं नाही.

ती म्हणाली, “बाबा, त्याला शांतपणे विचारा. तो तुम्हाला जपतोय.”

मला जपतोय! मी काय काचसामान आहे?

तेव्हापासून ती माझ्याशी आईमार्फत बोलते. “आई, बाबांना सांग मीठ इकडे द्यायला.” मीठ माझ्या हातात असतं आणि आम्ही तिघं एकाच टेबलावर असतो. १६०/९५.

२१ मार्च

आज मी स्वतः जाऊन आलो. पासष्टी झाल्यावर मिळालेलं कार्ड दाखवलं की सरकारी महालात फुकट सोडतात. मुअल्लाला चल म्हटलं, पण एका गिऱ्हाइकाला मी शनिवारचा शब्द देऊन बसलो होतो, त्यामुळे तिला निघता येईना. मी सूट घातला. वडिलांच्या कामाला पहिल्यांदा भेटायला जाताना माणसाने नीट दिसावं.

दाराशी बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवायला लावतात. माझ्या तुकडीत दूरच्या कोन्या शहराकडच्या दहा-बारा बायका होत्या आणि एक वाटाड्या मुलगी. ती सांगत होती की सुलतान इथे फक्त उन्हाळ्यात यायचे, म्हणून महालात एकही शेगडी नाही. खाली जमिनीवर वेताच्या चटया, पाण्याची ओल वर येऊ नये म्हणून. एका बाईने विचारलं, मग चटया झाडायचं कोण? वाटाडीने ऐकलं नाही.

निळं दालन उघडंच होतं. निळे खांब, छतावर गलबतं रंगवलेली, आणि खिडक्यांच्या खाली थेट पाणी. आमची उस्कुदारची बोट तेवढ्यात समोरून गेली. इतकी वर्षं मी तिथून इकडे बघायचो. इथून ती बोट काडेपेटीएवढी दिसते आणि माणसं दिसतच नाहीत.

दोन खिडक्यांच्या मधे दोरी लावलेली मोकळी जागा होती. दोरीला पाटी: ‘१९५९मधील सदोष दुरुस्तीमुळे झालेल्या नुकसानीवर उपचारासाठी दिवाण हलवला आहे.’

मी ती तीन वेळा वाचली. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली.

चटईवाल्या बाईने विचारलं, सदोष म्हणजे काय? वाटाडी म्हणाली, “कुणीतरी बाजारातला माणूस आणला होता. त्याने नुसते खिळे ठोकले.”

मी म्हटलं, “ते उस्ता होते.” बहुतेक जोरात म्हटलं असेन, कारण सगळ्या बायका वळल्या. मग मी जवळच्या खुर्चीवर बसलो. कुठेतरी घंटी वाजली. पहारेकरी धावत आला. म्हणे, या खुर्चीवर दीडशे वर्षांत सुलतानांशिवाय कुणी बसलेलं नाही. मी म्हटलं, “बाळा, खुर्ची बसण्यासाठीच करतात. माझा जन्म त्यात गेलाय. आणि हिची डावीकडची स्प्रिंग बसलीये, ती बघा आधी.”

त्याने फोन लावला. दोन मिनिटांत पांढऱ्या डगल्यातला ओनात आला. त्याने पहारेकऱ्याकडे बघितलं, कोन्याच्या बायकांकडे बघितलं आणि म्हणाला, “हे माझे सासरे आहेत.”

अजून नाही, असं मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. 

बागेत पाण्याजवळच्या बाकावर त्याने मला चहा पाजला. तो तिकिटं फाडत नाही. गेलं वर्षभर तो त्याच दिवाणावर काम करतोय. माझ्या घरी गोष्ट ऐकली तेव्हाच त्याला कळलं होतं. म्हणाला, “काका, सगळं त्या पाटीवर लिहिलेलं नाही. मंगळवारी कारखान्यात या. एक गोष्ट तुम्ही स्वतः बघायला हवी.”

 बोटीने घरी आलो. मुअल्लाने विचारलं, दिसला का दिवाण?

मी सांगितलं, निळं दालन बंद होतं.

२२ मार्च

लिहिण्यासारखं काही नाही. १६५/१००.

२५ मार्च

जाणार नव्हतो. पण मंगळवारी सकाळी पाय आपोआप धक्क्याकडे वळले.

कारखाना महालाच्या मागे, जुन्या तबेल्यात आहे. तिथल्या प्रमुख नेर्मीन हानिम, म्हणजे नेर्मीनबाई, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, बोलणं तोलूनमापून. ओनातने माझी ओळख ‘उस्कुदारचे नेज्मी उस्ता’ अशी करून दिली. कुणाचा मुलगा, ते सांगितलं नाही.

दिवाण मधोमध होता, नुसता सांगाडा. बाजूला तबकात काढलेले खिळे. सुताराचे लांब खिळे, चपला ठोकायचे खिळे, एक तर दाराच्या चौकटीचा होता. सोनेरी मुलामा दिलेलं ते नाजूक लाकूड अकरा ठिकाणी चिरलेलं होतं. असला खिळा माझ्या दुकानात कुणी उचलला असता तर मी त्याला त्याच पावली हाकललं असतं. माझ्या तोंडून निघून गेलं, “हे कुठल्या गाढवाने केलं?”

ओनात खिडकीबाहेर बघायला लागला. मग मला आठवलं.

नेर्मीन हानिमनी दुसऱ्या टेबलावरचं पांढरं फडकं उचललं. खाली दिवाणाची बैठक होती. घोड्याच्या केसांचं भरण, त्यावर तागाचं कापड, आणि चारी कडांना दाभणाने घातलेले टाके. त्या म्हणाल्या, “हे आम्ही उसवलेलं नाही. उसवणारही नाही. पंचावन्न वर्षं झाली, कड बोटभरही ढळलेली नाही.”

मी चष्मा लावला आणि वाकलो. प्रत्येक टाका सारखा. प्रत्येक गाठ आत दडवलेली. कोपऱ्यावर वळताना टाके जवळ जवळ आणलेले, वळण संपल्यावर पुन्हा सैल सोडलेले. हे शिकवून येत नाही असं मी नेहमी म्हणतो. पण टाक्यांचा कल उलटा होता. मी डावीकडून उजवीकडे जातो. हे उजवीकडून डावीकडे गेले होते.

“दोन माणसं होती, काका,” ओनात म्हणाला. “एकाने खिळे मारले. एकाने हे केलं, आणि ते डावखुरे होते. नाव माहीत नाही, म्हणून आम्ही त्यांना डावरे उस्ता म्हणतो. वर्षभर मी त्यांच्याकडूनच शिकतोय.”

तो टाका मी ओळखला. तो माझाच आहे, आरशात बघावा तसा. सात वर्षांचा असताना मी तो स्टुलावर बसून शिकलो. समोर बसलेला हात जसा चालेल तसाच माझा हात चालवायचो. समोरच्याचा डावा, माझा उजवा. मी आजवर सगळ्यांना सांगत आलो की हे मला बाबांनी शिकवलं. आज त्या स्टुलासमोर बाबांना बसवून बघितलं. ते बसेनात. समोर दिसत होता कांद्याचा वास येणारा हात, अंगठ्याला चामड्याचा तुकडा गुंडाळलेला. जेवताना मात्र तोच हात ती मांडीखाली दाबून ठेवायची, कारण आजी ओरडायची.

मी पाणी मागितलं.

नेर्मीन हानिमनी एक कागद पुढे केला. दिवाणाच्या नोंदीत कारागिरांची नावं घालायची असतात. जुन्या कागदांत फक्त ‘हिल्मी, उस्कुदार’ एवढंच सापडलंय. “तुम्ही त्याच बाजारातले. दुसऱ्या उस्तांचं नाव तुमच्या कानावर आलंय का?”

मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं असेल.

२९ मार्च

चार दिवस डोकं ठिकाणावर नाही.

आईचं नाव सांगितलं तर खिळे बाबांचे ठरतात. पण कागदावर सापडलेलं नाव एकच आहे. समजा मी म्हटलं की टाके हिल्मी उस्तांचे आणि खिळे कुणा तरी परक्याचे, महालाच्याच कुठल्या नोकराचे, तर? बाबांची अब्रू राहते. महालाला नाव मिळतं. आईचं काही बिघडत नाही, तिला कधीच मोठेपणाची हौस नव्हती. दाढी करताना इहसानला कुणाचंही नाव न घेता विचारलं, त्यालाही पटलं. म्हणाला, मेलेल्यांना कसला आलाय राग.

इतका सुबक तोडगा सुचल्यावर तो कुणाला तरी दाखवावासा वाटतो. मुअल्लाला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती मशीनवर होती. तिने दाताने दोरा तोडला.

“आणि आई?” ती म्हणाली.

“आईला कुठे नाव हवं होतं?”

“तिला कुणी विचारलं होतं, उस्ता?”

मला ती ‘उस्ता’ म्हणते तेव्हा त्यात किती आदर असतो हे मला नीटसं कळत नाही. मग तिने एक सांगितलं. आई थकल्यावर, तिची बोटं वाकडी झाल्यावर, मुअल्ला तिला बोटीने इस्पितळात न्यायची. कितीही वारा असला तरी आई महालाच्या बाजूच्याच बाकावर बसायची. महाल मागे पडेपर्यंत एक शब्द बोलायची नाही. त्या फेऱ्यांत कधी कधी मीही असायचो. मला वाटायचं, तिला हवा आवडते.

२ एप्रिल

महालात गेलो. नेर्मीन हानिमनी कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं. मी म्हटलं, “जाविदान. माझी आई.”

ओनात हातातलं काम खाली ठेवून उभा राहिला.

नेर्मीन हानिमनी नाव लिहिलं आणि विचारलं, “पुढे काय लिहू? हिल्मींची पत्नी?”

“उस्ता लिहा,” मी म्हटलं.  “जाविदान उस्ता.”

मग मला बाबांची कीव आली. आग्रह करून त्यांचंही नाव राहू दिलं. हिल्मी, खिळे. नोंद खरी असावी. शिवाय तीन महिने रोज सकाळी ते तिथवर गेले होते, हेही काही कमी नाही.

निघताना मी ओनातला सांगितलं, हे इहसानच्या दुकानापर्यंत जाता कामा नये. आणि रविवारी आईवडिलांना घेऊन ये. त्याने माझा हात कपाळाला लावला. त्याच्या बोटांना सरसाचा वास येत होता. घरात तो वास आला तर मला काही परकं वाटणार नाही.

रात्री जेवताना फेराये म्हणाली, “बाबा, मीठ द्या.”

६ एप्रिल

ओनातचे आईवडील मुलगी मागायला आले. वडील निवृत्त टपाल कर्मचारी, मितभाषी. आई गप्पिष्ट. रीतीप्रमाणे मागणी झाली, रीतीप्रमाणे मी थोडा वेळ खोकलो, मग हो म्हटलं.

नंतर दिवाणाची गोष्ट सांगितली, नवी. ही जुन्या गोष्टीपेक्षा सरस आहे. तबेल्यातलं पांढरं फडकं उचलतात, तिथे मी जरा थांबतो. ओनातच्या आईने रुमाल काढला. मी म्हटलं, “ताई, पंचावन्न वर्षं कुणी त्या बाईचं नाव घेतलं नाही. बाईच्या कष्टांची कदर करायला मन मोठं लागतं.”  टपालवाल्यांनीसुद्धा मान डोलावली.

ओनातची आई डोळे पुसून ज्या खुर्चीत बसली होती तिच्या कडेवरून हात फिरवायला लागली. म्हणाली, काय सुरेख वळवलंय हो हे. कुणी केलं?

“मीच,” मी म्हटलं.

ओनातने तोवर पेला खाली ठेवला होता. सवयच ती, तो गुडघ्यावर बसला आणि आईच्या खुर्चीखाली डोकं घालून बघू लागला. बराच वेळ बघत होता. बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मुअल्लाकडे पाहिलं, तिच्या बोटांवरच्या सुयांच्या खुणांकडे पाहिलं, आणि दोन्ही हात समोर बांधून अगदी नम्रपणे म्हणाला, “आणखी थोडा चहा मिळेल का, उस्ता?”

मी म्हटलं, “चहा मी नाही, मुअल्ला देते.”

मुअल्ला हसायला लागली. इतकी हसली की तिला चहाची किटली खाली ठेवावी लागली. फेराये हसली, मग काही न कळता ओनातची आईही हसली. शेवटी मीही हसलो. पाहुण्यांसमोर आपण एकट्यानेच गंभीर बसून राहणं बरं दिसत नाही.